हाताशी आलेली मरळ

आजची नोंद मासोळीची आहे, पण शेवटी धानावरच येते.

रोवणी आटोपली आणि पुतण्या नागपूरहून आला. त्याच्याजवळ रबराचा बेडूक. दोन गऱ्या टोकं वर करून पाठीला चिकटलेल्या, म्हणून कमळाच्या पानांवरून ओढला तरी अडकत नाही. आम्ही गांडूळ लावून बसणारी माणसं. मी हसलो.

आमचा तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी पूर्वजांनी बांधलेला. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, नाव तेवढं राहिलं. मासेमारी गावच्या ढिवर सोसायटीकडं ठेक्यानं आहे, म्हणून विचारूनच गेलो. ते म्हणाले, "मरळ दिसली तं काढाच जी, आमचं रोहू-कतल्याचं बीज खाते." त्यांचंही खरं आहे.

पहिल्या सात-आठ फेका वाया गेल्या. मग पाळीपासून वीसेक हातांवर पाणी बारीक बारीक उडताना दिसलं, पाऊस नसताना. पुतण्यानं बेडूक त्याच्या पलीकडं टाकला आणि टुकटुक करत वरून आणला. घागर आपटावी तसा आवाज झाला. मी ओरडलो, "ओढ!" तो म्हणाला, "थांबा काका, तोंडात जाऊ द्या." दोन मोजले आणि हिसका दिला. छडी माझ्या हाती दिली त्यानं. हात भरून आले.

काठाला आली तेव्हा हातभर आणि वर वीत. काटा नव्हता, पण अडीच किलोच्या खाली नसेल. बाजारात रोहूपेक्षा मरळीला भाव जास्त, आणि घरी मसाला वाटून तयार.

तेवढ्यात मागं पाहिलं. पाणी उडत होतं तिथं लाल-केशरी ठिपका, टोपलीएवढा. पिल्लं. मरळीची पिल्लं हवा घ्यायला एकदम वर येतात, म्हणून पाणी उडतं. आईबाप खाली राखण करतात. म्हणजे ती भुकेनं नाही, पिल्लांवरून बेडूक गेला म्हणून धावली होती. लहानपणी बाबांसोबत बांधीत अशीच एक धरली होती. दुसऱ्या दिवशी पिल्लांचा पत्ता नव्हता. तेव्हा शेजारचे ढिवर आजोबा बाबांना म्हणाले होते, "पोरं लाल हायेत तवर मायबापाले हात नाही लावाचा." त्या रात्रीचं कालवण मात्र मी आवडीनं खाल्लं होतं, हेही लिहितो.

पुतण्यानं हात ओले करून गरी काढली. मी तिला पाण्यात धरून ठेवलं. एकदा तोंड वर काढून हवा घेतली, शेपटीचा फटका माझ्या तोंडावर मारला आणि गेली. घरी काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

सोसायटीवाल्यांना सांगितलं. एक जण चिडला, दुसरा म्हणाला पिल्लं मोठी झाली की बघू.

आता धानाचं. माझ्या दोन बांध्या तलावाच्या वरच्या अंगाला, त्यांचं पाणी तलावातच उतरतं. मागच्या वर्षी खोडकिड्यासाठी दाणेदार औषध टाकलं, दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस आला आणि बांध फुटला. चार दिवस काठाला लहान मासोळ्या पांढऱ्या पोटानं तरंगत होत्या. मी कोणाला सांगितलं नाही.

यंदा त्या दोन बांध्यांत दाणेदार टाकलं नाही. पक्षीथांबे लावले, कामगंध सापळे लावले, अंडीपुंज हातानं खुडतो आहे. तरी काल सुकलेले पोंगे दिसले, एका चुडात दोन. कृषीवाल्या मित्रांनी लिहावं: अजून किती दिवस थांबू?