माहुलची खाडी आणि एक अर्ज

माहुलला म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. मुंबईकर घारापुरीला जातो, कान्हेरीला जातो, फार तर थंडीत शिवडीच्या धक्क्यावर अग्निपंख पक्षी पाहायला जातो. पण त्याच चिखलाच्या दुसऱ्या टोकाला असलेले हे गाव त्याला नावापुरतेच ठाऊक असते. मीही गेली वीस वर्षे उपनगरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आहे, आणि माहुल पाहिले नव्हते. गेलो तो एका विद्यार्थ्यामुळे. हा मुलगा शेवटच्या बाकावर बसे. एके दिवशी तास संपल्यावर तो घुटमळला आणि म्हणाला, "सर, आजोबांचा एक अर्ज लिहायचा आहे. अनुदानाचा. त्याला सरकारी मराठी लागतं."

संतवाङ्मयापासून नवकवितेपर्यंत सारे शिकवून झाल्यावर आपला असाही उपयोग आहे हे कळले, की माणूस सुखावतो. रविवारी सकाळी चेंबूरला उतरून रिक्षा केली.

रस्ता मोठा चमत्कारिक आहे. 1955 साली येथे बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. आज तो भारत पेट्रोलियमचा आहे. शेजारी हिंदुस्थान पेट्रोलियमचा. दुतर्फा नळ, टाक्या, उंच धुराडी. आता गाव कसले यायचे, असे वाटते न वाटते तोच रस्ता वळतो आणि समोर कोळीवाडा उभा राहतो. ओट्यावर वाळणारी जाळी, अंगणात तुळस, आणि सुक्या बोंबलाचा तो वास, जो कोकणातल्या माणसाला परका वाटत नाही.

आजोबा तांडेल. वय सत्तरीच्या पुढे. मला पाहताच त्यांनी अर्ज बाजूला सारला आणि म्हणाले, "आधी खाडी बघा, मास्तर. मंग लिवा."

ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या. त्या काळ्या चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या, आणि तिवरांच्या मुळांशी प्लॅस्टिकच्या पिशव्या अशा अडकल्या होत्या, की दुरून फुलेच वाटावीत. तांडेल बोटाने दाखवू लागले: इथे पूर्वी खुंट मारून जाळे लावीत, तिथे चिंबोरी मिळे, आणि त्या वळणावर जिताडा.

जिताड्याचे नाव निघताच म्हाताऱ्याचा सूर बदलला. अलिबाग-पेणकडच्या माणसाला जिताड्याचे माहात्म्य सांगायला नको. मोठी विलक्षण जात. पिल्ले खाडीत, तिवरांच्या आसऱ्याने वाढतात. काही पार गोड्या पाण्यापर्यंत चढतात. वयात आलेला मासा अंडी घालण्याच्या वेळी खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या मुखाशी उतरतो. शिवाय आयुष्याच्या आरंभी तो नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे लहानपणीच सारे पकडले, तर पुढे अंडी घालायला उरायचे कोण? तांडेलांनी हे कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. ते एवढेच म्हणाले, "लहान जिताडा घेतला, तर आईच मारली."

मग आम्ही ओट्यावर अर्ज घेऊन बसलो. तो होता पिंजऱ्यातील मत्स्यपालनाचा. पिंजऱ्यांची संख्या, बीजाचा स्रोत, खाद्याचा खर्च, अपेक्षित उत्पन्न, लाभार्थ्याचा हिस्सा. सारे रकाने चोख. तांडेलांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पाणी साफ करायचा रकाना कुठं हाय?"

तो नव्हता.

रकाना करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पैसा नाही असेही नाही. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आकडा 20,050 कोटी रुपयांचा. तीत सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मदत. अग्निपंखांचेही भाग्य उजळले: ठाणे खाडीचे अभयारण्य 2015 साली झाले आणि 2022 साली तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. 2010 च्या ऑगस्टमध्ये बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा भरपाईची चर्चा झाली. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाने वाशीजवळच्या तिसऱ्या खाडीपुलामुळे बाधित झालेल्या मच्छीमारांच्या बाजूने निकाल देऊन भरपाईचे धोरण करायला सांगितले. हे सारे योग्यच. पण भरपाई मिळते ती गेलेल्या माशाची, आणि पिंजऱ्याला मिळते ती विकत आणलेल्या पिल्लांची. खाडीत स्वतःहून येणाऱ्या रानटी जिताड्याच्या नावे पैसा मागायचा कसा, हा प्रश्न त्या ओट्यावर तसाच राहिला.

मला तेव्हा आठवला अमेरिकेतला सामन. आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण त्याचे आणि सामनचे काही नाते नाही. नाते जुळवायचेच तर ते जिताड्याशी, तेही उलटे. सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीकडे परततो. त्याच्यासाठी वॉशिंग्टन राज्याने 1999 साली अनुदान देणारे एक मंडळच स्थापले. कोणती कामे आधी करायची, याची यादी त्या त्या खोऱ्यातल्या स्थानिक समित्या करतात: कुठे ओढ्याची वाट मोकळी करायची, कुठे काठावर झाडे लावायची. तेथून दक्षिणेला क्लॅमथ नदीवरची चार धरणे तर 2024 पर्यंत पाडली, आणि त्याच शरदात सामन वरच्या पाण्यात दिसला. हे सांगितल्यावर तांडेल बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यादी कोळ्यानं केली?"

"त्या नदीवरचे आदिवासी मच्छीमारही त्यासाठी अनेक वर्षे भांडले," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. जणू हे आपल्याला आधीच ठाऊक होते.

शेवटी मी अर्ज पिंजऱ्यांचाच लिहिला. नातवाची फी आहे, होडीचे इंजिन जुने झाले आहे, आणि पाणी साफ होईपर्यंत कोणी उपाशी राहत नाही. भाषा अशी घोटीव केली, की स्वतःचीच लाज वाटावी: ‘सदर प्रकल्पाद्वारे स्वयंरोजगारनिर्मिती होऊन’ इत्यादी. फक्त शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात तांडेलांनी आपले वाक्य घालायला लावले. मी त्यातले व्याकरण सुधारू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. ते असे: ‘खाडी साफ करा, जिताडा आपला तो येल.’

अर्ज गणपतीच्या आधी कचेरीत दिला. नातू आता दुसऱ्या बाकावर बसतो. दिवाळी आली, तरी उत्तर नाही. मधल्या काळात तांडेलांनी त्याच्या हाती दोनदा बोय पाठवली, आणि दोन्ही वेळा निरोप एकच: शेरा कोणी वाचला काय, ते विचारून या.