दोन वह्या

जालना,
रविवार, रात्र

प्रिय बाळ,



तुझा मेसेज नऊ वाजता आला. 'मामा, उत्पत्तीतले दिवस चोवीस तासांचेच होते का? हो की नाही, एवढंच सांगा. पुढच्या रविवारी वर्गात सांगायचंय.' खाली जोडलेले हात. एका शब्दाचं उत्तर मागणाऱ्याला पत्र लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, ठाऊक आहे मला. पण सकाळी मी चर्चच्या ओट्यावर बसलो होतो, आणि खिडकीच्या आत तुझा संडे स्कूलचा वर्ग चालू होता. सगळं ऐकलं. तेव्हापासून जेवण गोड लागलेलं नाही.

त्या आठवीतल्या पोरीनं काय विचारलं? सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ कशी झाली? आणि शाळेत बाई सांगतात विश्व १३८० कोटी वर्षांचं आहे, मग हे सहा दिवस त्यात बसवायचे कुठं? आणि तू काय सांगितलंस? 'परीक्षेत शाळेतलं लिहायचं, मार्क घालवायचे नाहीत. मनात मात्र इथलं ठेवायचं.' पोरं हसली. तूही हसलास. ती हसली नाही. वही मिटून बसली.

अरे, तू तिच्यावर रागावला असतास तरी मला एवढं लागलं नसतं. रागावलेला मास्तर दुसऱ्या दिवशी विसरतो, पोरंही विसरतात. तू तर मायेनं, समजुतीच्या सुरात, तिला खोटं लिहायला शिकवलंस. तेही जालन्यात! मोंढ्यातल्या दोन वह्यांच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो. एक साहेबाला दाखवायची, एक गादीखालची. तुझे आजोबा ज्वारी विकून आले की त्या गोष्टी सांगून किती हसायचे. आता तू देवाच्या घरात बसून लेकरांच्या हातात गादीखालची वही देतोस.

तू म्हणशील, मामा, शास्त्राच्या नादानं विश्वास गेलेली पोरं मी पुण्यात पाहिलीत. मीही पाहिलीत. पण त्यांचा विश्वास शास्त्रानं नेला की आपल्या गप्प बसवण्यानं, हे एकदा त्यांनाच विचार.

आपल्याला ही भीती लागली कुठून? आपल्या पूर्वजांना तरी ती नव्हती. रेव्हरंड नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ सालचा.  त्याच वर्षी स्कॉटलंडात फ्री चर्च वेगळी झाली, आणि त्याच मंडळीचे होऊन ते इकडं निजामाच्या मुलखात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. याकोबानं रानात धोंडा उशाला घेतला, स्वप्न पाहिलं, सकाळी उठून त्याच धोंड्यावर तेल ओतलं आणि जागेला नाव दिलं. लक्षात घे, तेल धोंड्यावर ओतलं. धोंड्याला लाज वाटावी असं त्याच्याजवळ काही नव्हतं.

त्याच स्कॉच मंडळीचा दुसरा मिशनरी नागपुरात होता, स्टीफन हिस्लॉप. त्याच्या नावाच्या कॉलेजात तुझी आई शिकली, पण तो कोण हे तिनं तुला सांगितलं नसणार.  १८४५ साली तो नागपूरला आला. आठवडाभर शाळा आणि प्रवचनं, आणि सवड मिळाली की हातोडी घेऊन खडकात. नागपूरजवळच्या टाकळीला, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या मातीत, त्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मिळाले. आता विचार कर. खाली लाव्हा, वर लाव्हा आणि मधे गोगलगाय. म्हणजे खालचा लाव्हा निवला, त्यावर तळं साचलं, तळ्यात जीव वाढले, मेले, गाळात बसले आणि मग केव्हातरी वरून दुसरा लाव्हा आला. मिशनरी माणूस, पण त्यानं ते शंख खिशात दडवले नाहीत. लंडनच्या भूशास्त्र मंडळाकडे निबंध लिहून पाठवले. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. दिवसा दगड आणि रात्री प्रार्थना अशा दोन वह्या त्यानं ठेवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

हे मी पुस्तकातून सांगतोय असं समजू नकोस. माझी गोगलगाय आपल्याच विहिरीत आहे. बाहत्तरच्या दुष्काळात विहीर खोल केली, तेव्हा मी चौदा वर्षांचा. मुरूम संपला, मांजऱ्या लागला, मग काळा पाषाण. सुरुंग लावून तो फोडला, तर खाली वीतभर जाडीचा लालभडक पट्टा, आणि त्याच्या खाली पुन्हा काळा पाषाण. पाणी नाहीच. तुझी आजी म्हणाली, गेरू तरी मिळाला. पाटीभर वर मागवून तिनं त्या नाताळला ओटा सारवून त्यावर लाल काठ ओढला. पुढं पाणी शोधायच्या नोकरीत लागलो तेव्हा कळलं की तो पट्टा म्हणजे एके काळची जमीन. लाव्हा निवून त्याची ऊन-पावसानं माती झाली, आणि दुसऱ्या लाव्ह्यानं वरून ती विटेसारखी भाजली. हा आपला दख्खनचा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. सुट्टीत घरी येऊन मी हे मोठ्या ऐटीत आजीला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग एवढा वेळ देव काय करत बसला होता?"

मी गप्प. कितीतरी वर्षांनी संत ऑगस्टिन वाचताना दचकलो, कारण तिथं हाच प्रश्न! जग करण्याआधी देव काय करत होता? ऑगस्टिन लिहितो की कुणीतरी याला थट्टेनं उत्तर दिलं होतं, असे खोल प्रश्न उकरणाऱ्यांसाठी देव नरक तयार करत होता. आणि पुढं म्हणतो, मी असलं उत्तर देणार नाही. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणेन. सोळाशे वर्षांपूर्वीचा बिशप! मग त्यानं स्वतःचं उत्तर शोधलं, की काळ हाही निर्माण झालेल्या गोष्टींपैकीच, तेव्हा 'आधी' हा शब्दच तिथं लागू पडत नाही. त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, ओरिगेननं विचारून ठेवलंय, सूर्याशिवाय संध्याकाळ आणि सकाळ कशी समजायची? म्हणजे तुझ्या वर्गातली ती पोर ओरिगेनच्या बाकावर बसली होती, बाळ. तू तिला मार्कांचं सांगितलंस.

आणि ते जग सहा हजार वर्षांचं असल्याचं प्रकरण. आजोबांच्या जुन्या इंग्रजी बायबलात पहिल्याच पानाच्या कडेला ख्रिस्तपूर्व ४००४ हा आकडा आहे, तू लहानपणी त्यावर बोट ठेवून विचारायचास. तो शास्त्रवचनातला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५०मध्ये वंशावळ्यांची बेरीज करून काढलेला हिशेब तो, पुढं छापणाऱ्यांनी समासात घातला. वचन मधे, हिशेब कडेला. आपण कडेचा आकडा मधे आणून बसवला आणि आता त्याच्यासाठी लेकरांशी भांडतो.

पण उलटा मोहही सोड. महास्फोट झाला म्हणजे 'प्रकाश होवो' हे सिद्ध झालं, असं सांगत सुटू नकोस. जॉर्ज लमेत्र यांचं नाव ऐकलं असशील. (कॅथलिक म्हटल्यावर कपाळाला आठी घालू नकोस.) बेल्जियमचे धर्मगुरू, गळ्यात पांढरी पट्टी आणि फळ्यावर आइन्स्टाइनची समीकरणं. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७मध्ये मांडलं, हबलच्या दोन वर्षं आधी. १९३१मध्ये म्हणाले, सगळं एका आदिम अणूतून आलं असावं. १९५१मध्ये खुद्द पोप बाराव्या पायसनी भाषणात या शास्त्राला निर्मितीच्या वचनाची साक्ष म्हणून उभं केलं. आपण असतो तर पेढे वाटले असते. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं, माझा सिद्धांत हा सिद्धांत आहे, उद्या चुकूही शकतो. त्यावर देवाला टेकवू नका. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो सूर पुन्हा लावला नाही.

लमेत्रांचं म्हणणं किती खरं होतं, हे बघायला आपल्याला मंठ्यावरून लोणारपर्यंतच जायचंय. तू सहावीत असताना आपण गेलो होतो, तुझी चप्पल चिखलात राहिली, ते सरोवर. जवळजवळ दोन किलोमीटर रुंद विवरातलं, उल्केच्या आदळण्यानं झालेलं. तेव्हा मी तुला त्याचं वय पन्नास हजार वर्षं सांगितलं. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून नव्यानं मोजलं, तर निघालं पाच लाख सत्तर हजार. अकरा पट चुकलो मी! मला लाज वाटली नाही. शास्त्राच्या वहीत खाडाखोड असते आणि ती उघड्यावर असते, म्हणून तर त्या वहीवर भरवसा ठेवायचा. आकडा बदलला म्हणून लोणारचं पाणी आटलं नाही. मग आकडा बदलल्यावर देव का आटावा?

माझं म्हणणं इतकंच आहे, आणि मामी म्हणते तसं मी ते हल्ली सगळ्यांच्या डोक्यात घालतोय: खडक घडवणारा आणि वचन देणारा एकच असेल, तर वहीही एकच असली पाहिजे. तिच्यात काही पानं जुळत नसतील, तर जुळत नाहीत असं लिहून ठेवावं. दुसरी वही काढू नये.

थांब, नळाला पाणी आलंय. टाकी भरून येतो.

आलो. पाणी भरता भरता वाटलं, मी कोण तुला बोलणारा? बोअरच्या गाडीवर उभा राहून गावोगाव 'हा साडेसहा कोटी वर्षांचा खडक' म्हणणारा मी, रविवारी वेदीवरून सहा हजार वर्षं ऐकली की आमेन म्हणून मोकळा व्हायचो. किती वर्षं? नोकरी संपेपर्यंत. पाळकांना वाईट वाटेल, मंडळीत कुजबुज होईल, मुलींची लग्नं व्हायचीत... माझी गादीखालची वही तुझ्यापेक्षा जाड आहे, बाळ. सकाळी खिडकीतून तुझा आवाज आला तेव्हा तो मला माझाच वाटला. राग त्याचा होता.

आता मला तुझी काळजी नाही, तू शिकशील. मला त्या पोरीनं मिटलेल्या वहीची काळजी लागलीय. प्रश्न विचारणारं लेकरू परत विचारतं, ओरडलं तरी विचारतं. पण मोठी माणसंही आतून एक आणि बाहेरून एक असतात, हे एकदा कळलं की ते विचारणं सोडतं आणि शहाणं होतं. तसली शहाणी माणसं आपल्या मंडळीत पुष्कळ आहेत. मी त्यातला एक.

शनिवारी सकाळी ये. तिच्या आईबापांना विचारून तिलाही आण, तिघांनाही आण. विहिरीवर जाऊ. कठड्याचे दोन दगड ढिले झालेत, तेवढं सांभाळून. आत पिंपळ उगवलाय, पण पायऱ्यांच्या बाजूनं वाकून पाहिलं की लाल पट्टा अजून दिसतो. मी काही शिकवणार नाही. तिला काय विचारायचं ते विचारू दे.

आणि पुढच्या रविवारी ती आली की मला फोन कर. नाही आली, तरी कर.

तुझा,
मामा

ता. क. : हो की नाही, ते राहिलंच. माझ्या मते नाही. पण हे एवढंच नेऊन वर्गात सांगशील तर पत्र वाया गेलं. आधी तिचा प्रश्न फळ्यावर लिही, तिच्याच शब्दांत.