जहाज सुटण्यापूर्वी

सांगलीच्या हळद बाजारात आमची पेढी आहे आणि कोचीच्या मट्टनचेरीतील एका कच्छी आडत्या घराण्याशी आमचा तीन पिढ्यांचा व्यवहार आहे. लक्षद्वीपच्या बेटांवर नेत्रशिबिर न्यावे, ही कल्पना त्या शेठजींची. आमचे ज्येष्ठ बंधू अण्णा यांनी ती तत्काळ उचलून धरली. आमच्या मातोश्रींना उतारवयात दृष्टी परत मिळाली ती एका शिबिरातच. त्यांच्या स्मरणार्थ तेच दान करावे, असे अण्णांच्या मनात अनेक वर्षे होते.

लक्षद्वीप म्हणजे सारी मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर भूमी, वस्तीची बेटे १०, आणि कोचीपासूनचे अंतर दोनशेपासून चारशेहून अधिक किलोमीटर. प्रवेशपरवाना आगाऊ काढावा लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की वाहतुकीचा भरवसा राहत नाही. कित्येक ठिकाणी मोठे जहाज खोल पाण्यातच उभे राहते. माणसे आणि सामान होडीने किनाऱ्यावर न्यावे लागते. हे येथे चार ओळींत सांगितले, परंतु आम्हांस ते उमजण्यास दीड महिना लागला.

आरंभीचे वाद क्षुल्लक होते, आणि म्हणूनच बहुधा मोठ्या आवाजात झाले. चष्म्यांच्या पेट्यांचे भाडे सांगलीने भरावे की कोचीने? परवान्याच्या यादीतील शेवटची जागा आमच्या पुतण्याची की परिचारिकेची? (पुतण्याला समुद्र पाहावयाचा होता. नाव परिचारिकेचे गेले.) जहाजावर सूर्यास्तापूर्वी भोजन मिळेल काय, यावर अण्णा आणि शेठजी दूरध्वनीवर अर्धा तास बोलत होते. अखेर वहिनींनी दशम्या, खाकरे आणि मेतकुटाचा डबा सोबत देण्याचे ठरवून तो विषय मिटविला.

खरा वाद पत्रिकेवरून झाला. अण्णांनी ‘१०० मोफत शस्त्रक्रिया’ असे छापून घेतले होते. मिरजेच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी पत्रिका वाचून गादीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, “अण्णा, बेटावर मी एकाही डोळ्याला शस्त्र लावणार नाही.”

अण्णा संतापले. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगावी शिबिरे भरवून एकेका दिवशी शेकडो डोळे कसे केले, हे ऐकतच आमची पिढी वाढली. “ते जमले, आणि तुम्हाला एवढी यंत्रे असून जमत नाही?” असे त्यांनी विचारले.

बाईंनी वाद घातला नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोडक्या वेळाची असते, भय पुढच्या दिवसांचे असते, असे त्यांनी सांगितले. क्वचित एखाद्या डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होतो. पहिल्या काही दिवसांतच डोळा दुखू लागतो, लाल होतो, दिसणे मंदावते. तेव्हा काही तासांत डोळ्याच्या आत औषध टोचावे लागते, नाहीतर डोळा हातचा जातो. “आपले जहाज दुसऱ्या दिवशी निघणार. चौथ्या दिवशी त्या म्हातारीने कोणाकडे जावे?”

पेढीवर कोणी बोलेना. मला मात्र १९७८ चा हिवाळा आठवला. “अण्णा,” मी म्हणालो, “आईचा डोळा चौथ्याच रात्री ठणकला होता. मालमोटारीत बसवून मिरजेला कोणी नेले?”

नेले होते अण्णांनीच. सुदैवाने तेव्हा काही गंभीर निघाले नाही; परंतु रस्ता होता आणि मोटार होती.

मग वही पुढे ओढली. बेटांवर केवळ तपासणी आणि चष्मे. शस्त्रक्रिया कोचीच्या रुग्णालयात. आठ दिवस तेथेच मुक्काम. स्त्रिया एकट्या येणार नाहीत, म्हणून प्रत्येकीमागे एक सोबती. जहाजाची जाण्यायेण्याची भाडी दुप्पट झाली, मुक्कामाचा खर्च वाढला आणि तेवढ्याच रकमेत १०० चा आकडा ३८ वर आला. “आईच्या नावावर अडतीस?” एवढेच म्हणून अण्णा उठले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विषय काढला, पण वेगळा. बेटांवरील बहुतेक लोक मुसलमान, मासळी हे त्यांचे रोजचे अन्न. आठ दिवस त्यांना आमचा स्वयंपाक चालेल काय? आणि धर्मादायाच्या पैशातून दुसरे काही आणणे अण्णांना शक्य नव्हते. आजारी माणसावर आपले ताट लादू नये, असे माझे मत होते. तरी अण्णांची अडचण खोटी नव्हती. शेठजींनी बेटावरील एका शिक्षकांना विचारले. त्यांचा निरोप आला : तिकिटे आणि भिंगे आपली, जेवणाचे आम्ही आमचे पाहू, त्यासाठी पैसे नकोत. तो निरोप अण्णांनी दोनदा वाचावयास लावला.

पत्रिका पुन्हा छापल्या नाहीत. अण्णा आणि पुतण्या रात्री बसून प्रत्येकीवरील आकडा शाईने खोडत होते. कोचीच्या धक्क्यावर मी पेट्या मोजल्या, चौदा भरल्या. अण्णांनी यादी माझ्या हातून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.