एका लिटरचा हिशेब

चिपळूणला महामार्गालगत आमच्या अब्बांचं गॅरेज आहे. पत्र्याचं छप्पर, ऑइलने काळी झालेली जमीन आणि भिंतीवर टांगलेले पाने. गाडी दुरुस्तीला आली की अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती देते?" गिऱ्हाईक चाळीस म्हणालं की अब्बा मनात पस्तीस धरायचे. गाडीची तब्येत त्यांना त्या एका आकड्यावरून कळायची. डॉक्टर नाडी बघतो तसंच ते.

मी त्या गॅरेजमध्ये वाढलो आणि तिथून पळालो. नखांत बसलेलं काळं ऑइल साबणाने जात नाही. शाळेत वही पुढे करताना मी बोटं मिटून घ्यायचो. पुढे डी.एड. करून शिक्षक झालो. मुलगी झाली तेव्हा ठरवूनच टाकलं, हिला या काळ्या जमिनीपासून लांब ठेवायचं. तिने इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं, तेव्हाही मी समजूत घातली की डिग्री झाल्यावर ऑफिसातच बसेल. ती मात्र तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सरळ दादांच्या, म्हणजे माझ्या अब्बांच्या, गॅरेजमध्ये जाऊन बसली. म्हणाली, "अब्बू, आम्ही एक गाडी बनवतोय. एका लिटरमध्ये जास्तीत जास्त किती लांब जाते, एवढंच बघायचं."

ती शेल इको-मॅरेथॉनची तयारी होती. या स्पर्धेची गोष्ट मजेशीर आहे. 1939 साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या वुड रिव्हर इथे शेलच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांत पैज लागली, एवढ्याच इंधनात कोणाची गाडी जास्त लांब जाते? जिंकणारी गाडी लिटरला साधारण 21 किलोमीटर गेली. 1985 साली फ्रान्समध्ये त्या पैजेची विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा झाली आणि पहिल्याच वर्षी आकडा 680 वर गेला. 2005 मध्ये झुरिकच्या विद्यार्थ्यांची हायड्रोजनवर चालणारी पॅक-कार टू, पेट्रोलच्या हिशेबात मांडलं तर, लिटरला 5385 किलोमीटर गेली. आशियातली स्पर्धा 2010 साली मलेशियात सेपांगला सुरू झाली. 2019 मध्ये ती पुन्हा सेपांगलाच होती आणि मुलीच्या टीमची निवड झाली.

तेल विकणाऱ्या कंपनीने तेल वाचवायची स्पर्धा भरवावी, याचं मला हसू आलं. ते मी बोलूनही दाखवलं. मुलगी म्हणाली, "हसा. पण घर्षण कंपनी बघून कमी-जास्त होत नाही."

घर्षण हाच त्या वर्षातला आमच्या घरातला परवलीचा शब्द झाला. गाडी म्हणजे तीन चाकांची, थेंबासारखी, जमिनीला चिकटलेली. चालकाने आत जवळजवळ आडवं पडून चालवायची. इंजिन सतत चालू ठेवायचंच नाही. थोडा वेळ चालवून वेग घ्यायचा, बंद करायचं, गाडी आपसूक जाऊ द्यायची. वेग उतरला की पुन्हा चालू. हे ऐकून अब्बा भडकलेच. "म्हणजे न्यूट्रल! ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर ड्रायव्हरांना शिव्या घातल्या, ती तुम्हाला कॉलेजात शिकवतात?"

त्यांच्या रागाला कारण होतं. कुंभार्ली घाट उतरताना डिझेल वाचवायला काही ट्रकवाले इंजिन बंद करायचे. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद. चार-सहा वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपते, मग वळणावर अल्लाच वाली. अशा घसरलेल्या गाड्या अब्बांनी दरीच्या तोंडाशी जाऊन बघितल्या होत्या. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. आपली गाडी सपाट बंदिस्त ट्रॅकवर हळू चालते, ब्रेक हवेवर नाहीत, हे समजावलं. मग म्हणाली, "आणि दादा, आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून एक्सलेटर सोडला की उतारावर पेट्रोल घेतच नाहीत. न्यूट्रल करून उलट थोडं जळतं." अब्बा बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला हेच सांगताना मी त्यांना ऐकलं. "आमच्या नातीने सांगितलं" असं म्हणून.

चालक म्हणूनही तिचीच निवड झाली, कारण टीममध्ये सगळ्यात हलकी तीच. नियमाप्रमाणे चालकाचं वजन किमान 50 किलो हवं. ही 47. तीन किलोची वाळूची पिशवी बरोबर बांधायची ठरली. घरात मात्र वेगळंच वजन तोललं जात होतं. मोठी फुफी येऊन म्हणाली, "पोरगी पोरांबरोबर मलेशियाला? उद्या स्थळ बघताना काय सांगशील?" खरं सांगतो, मीही कच खाल्ली होती. कॉलेजच्या मॅडम बरोबर आहेत का, राहायची सोय काय, अशा प्रश्नांआड मी नकार शोधत होतो. अब्बा एवढंच म्हणाले, "ब्रेकची तपासणी तिने माझ्यासमोर केली आहे. ती गाडी सोडेल, पण ब्रेक बघितल्याशिवाय नाही सोडणार. अशा पोरीची काळजी कसली करतोस?" फुफी रुसून गेली. मी पासपोर्टच्या फॉर्मवर सही केली.

सेपांगला ट्रॅकवर उतरण्याआधी गाडीची कडक तपासणी असते. चालकाला दहा सेकंदांच्या आत बाहेर पडता आलं पाहिजे. 20 टक्के चढाच्या फळीवर गाडी ठेवून प्रत्येक ब्रेक वेगवेगळा दाबून बघतात, गाडी जागची हलता कामा नये. यांची गाडी मागच्या ब्रेकवर घसरली. एकदा, दोनदा. तिथे साडेअकरा वाजले होते, इथे नऊ. मी शाळेत होतो. फोन मला नाही, गॅरेजमध्ये आला. पोरं केबल ताणून थकली होती. अब्बांनी विचारलं, "सकाळी चेनला तेल कोणी घातलं? स्प्रे की थेंबाने?" स्प्रे. झालं! तेलाचा फवारा डिस्कवर गेला होता. "डिस्क पेट्रोलने पुसा, पॅड काढून सँडपेपर मारा. केबल पहिल्यासारखी ढिली करा, तिचा काही गुन्हा नाही." तिसऱ्या वेळी गाडी फळीवर खिळ्यासारखी उभी राहिली.

शर्यतीत पहिल्या फेरीला ठरलेली वेळ उलटली. दुसऱ्या फेरीत चेन उतरली. तिसरी पूर्ण झाली. काचेच्या लहानशा टाकीत किती मिलिलिटर पेट्रोल पुन्हा भरावं लागलं, त्यावरून आकडा निघाला: लिटरला 187 किलोमीटर. वरच्या नंबरच्या टीम हजाराच्या पुढे होत्या. त्या रात्री ती फोनवर रडली. मी म्हणालो, भाग घेतला हेच मोठं. शिक्षक लोक असंच बोलतात. तिने फोन ठेवून दिला.

ती परतली आणि दोन-चार दिवसांत रमजान लागला. पहिल्या रोजाला इफ्तारनंतर अब्बांनी पाटी मागवली. "एसटी लिटरला पाच देते असं धर. आत चव्वेचाळीस माणसं. पाच गुणिले चव्वेचाळीस?"

"दोनशेवीस," ती म्हणाली.

"आणि तुझी?"

"एकशेसत्याऐंशी. पण दादा, डिझेलच्या लिटरमध्ये ताकद थोडी जास्त असते."

"तेवढी वजा कर. तरी एसटीच पुढे. आणि तिच्यात म्हातारी बसते, कोंबडी बसते, आंब्याची पेटी बसते." मला वाटलं, पोरीचं मन मोडलं. पण ती पाटीकडे बघत हसायला लागली. म्हणाली, "हजारवाल्यांची मात्र एसटीच्या पुढे गेली." अब्बा म्हणाले, "गेली. त्यात पेटी कुठे ठेवणार ते विचार त्यांना."

मग दोघं इशाच्या अजानपर्यंत वाद घालत बसले. ती सांगत होती, ही गाडी रस्त्यावर आणण्यासाठी नाहीच. इंधन नेमकं कुठे वाया जातं हे हाताला कळावं म्हणून आहे. मी ऐकत होतो. अब्बांनी वझूला एका लोट्याच्या वर पाणी घेतलेलं मी कधी पाहिलेलं नाही. नळ आला तरी लोटाच. ते त्याला शाश्वत विकास म्हणत नव्हते, इस्राफ टाळणं म्हणत होते. मी मात्र त्या काळ्या नखांकडेच बघत राहिलो.

ईदनंतरच्या रविवारी मुलीने गॅरेजच्या दाराला पुठ्ठा लावला: "हवा मोफत तपासून मिळेल. टायर नरम तर पेट्रोल जास्त." दुपारपर्यंत रांग लागली. अब्बा एकटे, ती एकटी. मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे न बघताच गेज पुढे केला आणि म्हणाली, "अब्बू, मागच्या चाकांचं तुम्ही बघा."

मी बाह्या वर सारल्या.