"साहेब, मी ट्रिगर दाबलाच नाही!"



परवा ओपीडीत एक फौजदार आले होते. बरीच वर्षं मधुमेह आहे. जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात फायरिंगचा सराव आहे. उजव्या हाताची बोटं हल्ली बधिर वाटतात. चालेल ना?"

मला एमडी करतानाची एक रात्र आठवली. एका तरुण पोलिसाला अपघात विभागात आणलं होतं. सराव संपवून पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवताना गोळी सुटून मांडीत शिरली होती. तो वाचला. पण एकच वाक्य सारखं म्हणत होता, "साहेब, मी ट्रिगर दाबलाच नाही!" तेव्हा मला ते खोटं वाटलं. आज वाटतं, तो त्याच्या परीनं खरंच सांगत होता.

एक प्रयोग करा. पाण्याची बाटली हातात धरा, पहिलं बोट सरळ ठेवा आणि बाकीच्या बोटांनी बाटली एकदम घट्ट आवळा. पहिलं बोटही आत वळायला बघतं ना? बोटं वाकवणारे मुख्य स्नायू कोपर ते मनगट या भागात एकमेकांना लागून असतात. एक बोट अगदी वेगळं ठेवणं त्यांना जड जातं. दचकलात, तोल गेला किंवा दुसऱ्या हाताची मूठ जोरात आवळली, तरी हे बोट नकळत वळू शकतं.

होल्स्टरमधून पिस्तूल काढताना मूठ घट्ट आवळावीच लागते. म्हणून क्रम महत्त्वाचा. डावा हात छातीवर, म्हणजे तो नळीसमोर येत नाही. उजव्या हाताची पकड होल्स्टरमध्येच पक्की करायची, पहिलं बोट बाहेरून सरळ. पिस्तूल सरळ वर काढायचं, मग नळी लक्ष्याकडे वळवायची. छातीसमोर दोन्ही हात जुळवून पुढे न्यायचे. नेम लागला आणि गोळी झाडायचं ठरलं, तरच बोट ट्रिगरवर. परत ठेवताना घाई अजिबात नको. बोट बाहेर, शर्टाचं टोक किंवा दोरी आत अडकत नाही ना हे डोळ्यांनी बघायचं आणि सावकाश ठेवायचं. हे आधी रिकाम्या पिस्तुलानं, प्रशिक्षकासमोरच शिकावं.

आता फौजदारसाहेबांचा प्रश्न. मधुमेहात नसांवर परिणाम होतो, मनगटात नस दबण्याचं प्रमाणही जास्त असतं. बोट नेमकं कुठे टेकलंय हेच कळत नसेल, तर "बोट बाहेर ठेवा" हा नियम पाळणार कसा? मी स्पष्ट सांगितलं, "साहेब, या वेळी नको. आधी नसांची तपासणी करू." ते जरा नाराज झाले. "लोक काय म्हणतील?" म्हणाले. मी त्यांना त्या तरुण पोलिसाची गोष्ट सांगितली. मग गप्प बसले आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

तुमच्या घरात कुणी पोलीस, सैनिक, सुरक्षारक्षक किंवा नेमबाज असेल, तर त्यांना हे जरूर सांगा. बोटं बधिर होणं, हात थरथरणं, शुगर एकदम उतरणं, झोप आणणारी सर्दीची गोळी घेतलेली असणं, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी शस्त्र हातात घेऊ नये. आणि दुर्दैवानं मांडीला गोळी लागलीच, तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून पूर्ण जोरानं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका आणि १०८ ला फोन करा. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

काळजी घ्या.