साचाखात्यातले कान

गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, कोणी कोणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. शेकडो साचे एकदम चालायचे. प्रत्येक साच्यात धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जायचा आणि मिनिटाला दीडशेहून जास्त वेळा आपटायचा. पायाखालची फरशी थरथरायची. सत्तरच्या दशकात परळच्या एका गिरणीत मी बदली कामगार म्हणून लागलो. पहिली पाळी संपवून बाहेर आलो, तर समोरून बस आवाज न करताच गेली. शेजारच्या साच्यावरचे तात्या म्हणाले, "होतं तसं. सवय होईल." तेव्हा सगळे तेच म्हणायचे. कानाला सवय होत नसते, तो दर पाळीला थोडा थोडा झिजत असतो, हे सांगणारं कोणी नव्हतं.

बोलणं मात्र थांबत नसे. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. डोक्यावर टोपी दाखवली की साहेब. बोटांनी हवेतला धागा तोडला की तुझ्या साच्यावर तार तुटली. बाकीचं ओठांवरून वाचायचं. घरची भांडणं, गावाकडची पत्रं, पोरीचं लग्न, सगळं त्या गदारोळात बिनआवाजी बोललं जायचं. पुढे वाचनात आलं, की ज्या लँकेशायरमधून मुंबईच्या गिरण्यांनी यंत्रं आणली, तिथल्या विणकर बायाही अशाच ओठांनी बोलायच्या आणि त्या बोलीला 'मी-मॉइंग' म्हणत. यंत्रांबरोबर बोलण्याची गरजही इथे आली होती.

चाळीत परतलेला साचेवाला मोठ्यानेच बोलायचा आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. रेडिओवर मुंबई 'ब'ची कामगारसभा लागली, की ती चार खोल्यांना ऐकू जाई. तात्यांच्या घरच्या काकू त्यांच्याशी बोलायच्या त्या आधी खांद्याला हात लावून, समोर येऊन. पोरंही तशीच शिकली. अर्ध्या मजल्याला कमी ऐकू यायचं, म्हणून अख्खा मजला कमी ऐकणाऱ्याच्या सोयीने बोलायचा. आज मला सर्वांत जास्त आठवते ती ही गोष्ट.

कान जाताहेत हे आधी भजनात कळलं. तात्या उत्तम टाळ वाजवायचे. एकदा त्यांनी टाळ कानाशी नेला, पुन्हा वाजवला आणि बाजूच्याला विचारलं, "याची किणकिण गेली का रे?" टाळ ठणठणीत होता. पखवाज त्यांना नीट ऐकू येत होता, वरचा बारीक सूर तेवढा हरवला होता. आवाजाने होणारं नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, म्हणून माणूस बोललेला कळतो, पण शब्द लागत नाही. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी अवघड होतात.

मग १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. भोंगे थांबले. गॅलरीत शेजारी शेजारी अंथरुणं घातलेली असताना एका रात्री तात्यांनी विचारलं, "तुमचे पण कान वाजतात का रे?" कोणी म्हणाला रातकिडे, कोणी म्हणाला शिट्टी, कोणी म्हणाला लांबून वाफ सुटल्यासारखं. वाजत सगळ्यांचेच होते. साच्यांच्या आवाजाखाली ते इतकी वर्षं झाकलं गेलं होतं. त्या रात्री नोकरीची काळजी मोठी होती, त्यामुळे कानांचा विषय तिथेच राहिला. पण आपण एकटे नाही, एवढं प्रत्येकाला कळलं.

आता गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आहेत. मी अठराव्या मजल्यावर राहतो. खिडक्या लावल्या की रस्ता ऐकू येत नाही, आणि कानातली शिट्टी ठळक होते. ती पहिल्यांदा सतत जाणवू लागली तेव्हा मी घाबरलो. आता पूर्ण बहिरा होणार का, नातीचा आवाज कायमचा जाणार का, या विचाराने झोप उडाली. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. ऐकण्याचा आलेख ४००० हर्ट्झला खाली कोसळलेला होता. डॉक्टरांनी वेळ काढून समजावलं. आतल्या कानात सुमारे १५,००० केशपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिथून संदेश येईनासे झाले, की लांबचं स्टेशन पकडताना आपण रेडिओचा आवाज वाढवतो, तसा मेंदू आपला आवाज वाढवतो आणि खरखर ऐकू येते. ती खरखर स्वतः कान बिघडवत नाही. गोंगाट सुटला की त्यामुळे होणारी झीजही थांबते, पुढे वयाची तेवढी भर पडते. हे ऐकूनच निम्मी भीती गेली.

शिट्टी घालवणारी खात्रीची गोळी नाही. पण श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज आत येऊ लागले की ती मागे सरते. रात्री पंखा किंवा मंद रेडिओ सोबतीला पुरतो. समुपदेशनाने तिचा धाक कमी होतो. वांद्र्याची, श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था १९८३ची, म्हणजे आमची पिढी साच्यांवरून उतरल्यानंतरची. आज तपासणी आहे, यंत्र आहे, कायद्यातल्या कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची नोंद आहे. यातलं काहीही तात्यांच्या वाट्याला आलं नाही, याचं दुःख मला आहे. एकाच कानाला अचानक कमी ऐकू येऊ लागलं किंवा कानात नाडीसारखे ठोके पडू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, हेही आता कळतं.

हरवलं ते दुसरंच. आज घरातले लोक दुसऱ्या खोलीतून बोलतात, मोबाईलकडे बघत बोलतात. दोनदा "काय?" विचारलं की "जाऊ दे, आजोबा" म्हणतात. मन दुखावण्याचा हेतू नसतो. पण असं पुन्हा पुन्हा झालं, की कमी ऐकणारा माणूस विचारणं सोडतो, मग जेवणाच्या टेबलावरही गप्प बसतो. नातीला मी चाळीतली रीत सांगितली. आता ती आधी खांद्याला हात लावते, समोर येते, मग बोलते. तिचे बरेच शब्द मला लागतात.

ती ढोलपथकात वाजवते, त्याची मात्र काळजी वाटते. ८५ डेसिबल आवाजात ८ तास हा सुरक्षिततेचा प्रचलित हिशेब. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. साचाखात्यात त्याच्या आसपासच्या आवाजात आम्ही अख्खी पाळी काढायचो, कानात कापसाचे बोळे घालून, आणि कोरडा कापूस आवाज जवळजवळ अडवतच नाही. नातीला मी कानात घालायचे प्लग आणून दिलेत. पथकातल्या इतर मुलांनीही ते मागवले.

आणि धोट्याचे माग अजून बंद झालेले नाहीत. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावात ते आजही खडखडतात, आणि तिथे आजही नव्या पोराला "सवय होईल" असं सांगितलं जात असेल. त्याला पहिल्या दिवशी प्लग मिळावेत, दरवर्षी कानांची तपासणी व्हावी आणि ती मालकाच्या खर्चाने व्हावी. घरी आल्यावर त्याच्याशी समोर बसून बोलावं. आमच्या पिढीला यातलं शेवटचं तेवढं मिळालं. त्याला सगळं मिळायला हवं.