पान दिसतं तेव्हा फूल नसतं

आंबोलीत मे महिन्याच्या अखेरीस एखाद्या जुन्या जांभळाखाली उभं राहून वर पाहिलं, तर एकाच फांदीवर शेवाळ, नेचे, बांडगूळ आणि ऑर्किड सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. त्यातलं ऑर्किड कुठलं, हे मला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. कोल्हापुरात शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि सह्याद्रीतल्या रानटी ऑर्किडांच्या, म्हणजे आमरींच्या, मागे लागले. हातात श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ होतं, डोळ्यांसमोर फुलवाल्याकडची जांभळी डेंड्रोबियम होती, आणि या दोन्हींचा त्या फांदीशी काही मेळ बसेना. पुस्तकात प्रत्येक आमरी फुललेली असते. रानात मात्र वर्षातला बहुतेक काळ तिची नुसती पानं दिसतात, नाहीतर नुसती सुकल्यासारखी खोडं. कित्येक जातींचं तेवढंही दिसत नाही. त्या कंद होऊन जमिनीखाली पडून असतात.

झाडावर वाढलेल्या कुठल्याही परक्या हिरव्या गोष्टीला आपल्याकडे सर्रास बांडगूळ म्हणतात. बागायतदार आंब्यावरून बांडगूळ काढताना त्यासोबत आमरीही खरवडून टाकतात. बांडगूळ आणि आमरी यांतला फरक मला कळला तो आंबोलीतल्या एका घराच्या परसात, वाऱ्याने मोडून पडलेल्या जांभळाच्या फांदीवर. अभ्यासकांना रान दाखवणारे चौकुळचे एक काका बरोबर होते. फांदीवर दोन वनस्पती होत्या. एक जिथून निघाली होती तिथे फांदीला गाठ आली होती आणि साल फोडून ती आत शिरलेली होती. दुसरीची मुळं बोटाएवढी जाड, चंदेरी पांढरी. ती सालीवरून नुसती सरपटत गेलेली, काही तर हवेतच लोंबत होती. काकांनी बाटलीतलं पाणी त्या मुळांवर ओतलं. बघता बघता पांढरी मुळं हिरवी झाली. मुळाभोवती मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं वेष्टण असतं, ते कोरडं असताना पांढरं दिसतं. पाणी शोषलं की पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. झाडाकडून या मुळांना फक्त टेकण्यापुरती जागा हवी असते. पाऊस, धुकं, सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा यांवर त्यांचं भागतं. त्या घरच्या काकूंनी काथ्या आणून दिला आणि काकांनी ते रोप त्याच जांभळाच्या खालच्या बेचक्यात बांधून टाकलं. जमिनीवर राहिलं असतं तर कुजलं असतं.

“ताईनु, तुमी फुलां शोधतास. आधी झाड शोधा,” काका म्हणाले.

झाड शोधायचं म्हणजे साल वाचायची. ऐनाची साल खोल भेगांची, खरबरीत; पाणी धरून ठेवणारी. जुना आंबा, जांभूळ, तसेच. नाण्याचं खोड गोरं, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारं. त्यावर मला आमरी क्वचितच दिसली. फांदी कुठल्या बाजूची, ऊन किती, ओढा किती जवळ, हे त्यानंतर. असं पाहायला लागल्यावर नजर एकदम कमी जागेवर स्थिरावली आणि दिसू लागलं. आंब्याच्या खोडावर आकेम्पे, म्हणजे कानभेर, जाड चामडी पानांचे गुच्छ करून बसलेली. त्याच्या वर सीतेची वेणी. तिची फुलांची लोंबती माळ मे-जूनमध्ये येते. आसाम आणि अरुणाचल प्रदेश यांनी तिलाच राज्यफूल केलं आहे. पण माळ नसताना तिची पट्ट्यासारखी पानं आणि तिच्याच शेजारच्या एरिडिस या दुसऱ्या आमरीची पानं यांत फरक कसा करायचा? पानाची टोकं पाहायची, ती कशी कातरल्यासारखी आहेत ते टिपून ठेवायचं, आणि फुलं येईपर्यंत थांबायचं. थांबण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. हे मान्य करायला मला सर्वांत जड गेलं.

फूल हाती लागलं तरी गोंधळ संपत नाही, फक्त तो जास्त नेमका होतो. जूनच्या पहिल्या पावसात मी एरिडिस मॅक्युलोसाचा गुलाबी घोस भिंगाखाली पाहिला. फांदी डोळ्यांच्या उंचीवर वाकलेली होती, तोडायची गरज पडली नाही. बाहेर तीन निदलं, आत तीन पाकळ्या. त्यांतली एक पाकळी मात्र वेगळीच, रुंद, गडद, पुढे आलेली. हा ओठ. कीटकाला उतरायला ही जागा. फुलाच्या मधोमध एक बुटका खांब. बाकीच्या फुलांत पुंकेसर वेगळे आणि स्त्रीकेसर वेगळा असतो, इथे दोन्ही जुळून हा एकच खांब झालेला. खांबाच्या टोकाला इवलंसं टोपण, आणि टोपणाखाली पिवळे परागपुंज. पराग इथे सुटे उधळत नाहीत. त्यांचा गोळा चिकट बुंध्यासकट कीटकाच्या अंगाला डकवला जातो. फळ पिकल्यावर बी मात्र पिठीसाखरेहून बारीक, एका फळात हजारोंनी. त्या बियांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच, म्हणून योग्य बुरशी भेटल्याशिवाय त्यातलं एकही रुजत नाही. एवढ्या हजारांतून त्या फांदीवर एक रोप वाढलं होतं. हे कळल्यापासून मी आमरीच्या झाडाखाली पाय जपून ठेवते.

एरिडिस मॅक्युलोसाची एक बहीण आहे, एरिडिस क्रिस्पा. मॅक्युलोसाच्या पाकळ्यांवर जांभळे ठिपके असतात. क्रिस्पाची फुलं मोठी, पाकळ्या पांढरट गुलाबी आणि ओठाची कड झालरीसारखी. म्हणजे रंगापेक्षा ओठ पाहायचा. हे सूत्र पाठ झाल्याचं समाधान फार टिकलं नाही. सप्टेंबरात महाबळेश्वरला गवतात सॅटिरियम नेपालेन्सेचे गुलाबी तुरे पाहिले, तर त्याचा ओठ खाली नव्हताच, वर, टोपीसारखा. मला वाटलं रोपच कसंतरी वाढलंय. नंतर वाचलं की बहुतेक आमरींची कळी उमलण्याआधी देठावर अर्धा वळसा घेते, म्हणून ओठ खाली येतो. सॅटिरियम वळतच नाही. त्याच्या ओठाला मागे दोन शुंडिका असतात, दोन बारीक पोकळ शिंगं, आणि ती पाहिली की दुसऱ्या कुठल्या आमरीशी गल्लत होत नाही.

सर्वांत जास्त कोड्यात टाकलं ते नर्व्हिलियाने. राधानगरीजवळ, दाजीपूरच्या जंगलात, जुलैमध्ये झाडांखालच्या कुजलेल्या पाल्यात एकेक सुटं पान उभं होतं. हृदयाच्या आकाराचं, शिरांवर घड्या पडलेलं. देठ सरळ जमिनीतून आलेला. आजूबाजूला फूल नाही, कळी नाही, सुकलेला दांडाही नाही. काका म्हणाले, आमरीच आहे. पण फूल कधी? ते येऊन गेलं. नर्व्हिलियाचं फूल आधी येतं, वळवाच्या नाहीतर मृगाच्या पहिल्या सरींनंतर, जमिनीतून थेट, पानाशिवाय. चार दिवसांत ते सुकतं आणि मग कधीतरी पान उगवतं. फूल पाहिलं तर पान नाही, पान पाहिलं तर फूल नाही. ओळखायला तर दोन्ही हवीत.

मग मी एक केलं. त्या पानांच्या जागेची वहीत आकृती काढली: तिरका दगड, त्याच्या उजवीकडे हिरड्याचं खोड, खोडापासून पावलं मोजून. पुढच्या मृगाच्या आधी तिथे गेले. पाल्यातून फिकट हिरवट-पिवळी, खाली झुकलेली बरीच फुलं एकाच दांड्यावर लागलेली होती. वहीतलं आदल्या वर्षीचं पान उभ्या देठाचं आणि बिनलवेचं होतं. दोन्ही जुळवल्यावर नाव ठरलं, नर्व्हिलिया कन्कलर. जुन्या पुस्तकांत तीच नर्व्हिलिया अरागोआना. तिथून थोड्याच अंतरावर जमिनीला चिकटलेली, लवदार, जांभळट झाक असलेली पानं पुढे जुलैत पाहिली, ती नर्व्हिलिया प्लिकाटाची. तिच्या दांड्यावर बहुधा दोनच फुलं येतात. ती फुलं मी अजून पाहिलेली नाहीत, म्हणून वहीत त्या नावापुढे अजून पेन्सिलच आहे.

कासच्या पठारावरचा प्रकार वेगळा. तिथे जांभ्याच्या खडकावर मातीचा थर कसाबसा वीतभर, आणि पावसाळ्यात त्यातून हॅबेनारिया वंशातल्या आमरी वर येतात. आषाढात जमिनीला सपाट चिकटलेलं गोल पान आणि त्यातून निघालेल्या दांड्यावर पांढरी फुलं, ती हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. आपल्याकडे तिला आषाढ हबेआमरी म्हणतात. पुढे श्रावण-भाद्रपदात हॅबेनारिया हेनियाना, जिची फुलं दांड्याच्या एकाच बाजूला रांगेने लागतात. तिला सगळे टूथब्रश ऑर्किड म्हणतात. ओल्या कातळाच्या कडेला हॅबेनारिया रॅरिफ्लोरा, तळाशी अरुंद पानं आणि रोपाच्या मानाने मोठं पांढरं फूल. सगळ्या पांढऱ्या किंवा हिरवट पांढऱ्या. मी दिवसभर फोटो काढले, सगळे समोरून. संध्याकाळी ते एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता: “बाजूने काढलेला एखादा आहे का?”

हॅबेनारियाच्या ओळखीचं अर्धं काम शुंडिकेवर होतं. ओठाच्या मागून निघालेली ती पोकळ नळी, तळाशी मधाचा थेंब. ती बीजांडकोशापेक्षा आखूड की लांब, सरळ की वळलेली, टोकाला फुगीर की निमुळती, हे समोरून कळूच शकत नाही. हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाची शुंडिका फुलाच्या कितीतरी पट लांब, खाली लोंबणारी. वाघचौऱ्याची, म्हणजे पेक्टेलिस जायगँटियाची, त्याहून ठसठशीत. ते रोप कमरेएवढं वाढतं, फूल तळहाताएवढं असतं आणि वास संध्याकाळी सुटतो, कारण ज्याची जीभ त्या नळीच्या तळाशी पोचते तो पतंग रात्रीचा असतो. तेव्हापासून मी एका रोपाचे ठरलेले फोटो घेते: समोरून, बाजूने, पानं, दांडा जमिनीतून निघतो ती जागा, झाडावरची असेल तर झाडाची साल, आणि शेजारी पट्टी ठेवून एक.

या वाघचौऱ्याचं जुनं नाव हॅबेनारिया सुसॅनी. नावं बदलली की नवख्याला वाटतं आपण दोन वेगळ्या वनस्पती पाहतोय. जुन्या ग्रंथांशिवाय मात्र चालत नाही. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 चा. थिओडोर कुक यांचा त्यानंतरचा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये प्राध्यापक राहिलेले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी झरीर कपाडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ 1966 चं. हॅबेनारिया पांचगणिएन्सिस ही पाचगणीचं नाव मिरवणारी जात याच दोघांनी प्रथम नोंदवली. त्यांच्या पुस्तकातली वर्णनं मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचते, आणि प्रत्येक वर्णन मला रानात पुढच्या वेळी नेमकं काय पाहायचं ते सांगतं.

त्या काळी ओळख पटवायची तर रोप उपटून, दाबून, कागदावर चिकटवावं लागे. शास्त्रज्ञाला आजही परवानगीने ते करावं लागतं. आपल्यासारख्यांनी मात्र ते बिलकूल करू नये, असं मला ठामपणे वाटतं. हॅबेनारियाचा कंद उकरला की ते रोप गेलं. एका थंड हवेच्या ठिकाणी रस्त्याकडेला नारळाच्या सोडणाला बांधलेल्या डेंड्रोबियमच्या जुड्या विकायला ठेवलेल्या पाहिल्या. मुळं ताजी तुटलेली, काहींना फळं धरलेली. घेणारे हौसेने घेत होते. जगातलं प्रत्येक ऑर्किड साइट्स या, रानटी जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणाऱ्या कराराच्या यादीत आहे, तरी ती जुडी तिथे उन्हात लटकत होती. म्हणून या लेखात मी डोंगर आणि पठारं सांगितली, पण नेमकी जागा एकाही रोपाची सांगितलेली नाही, आणि मोबाइलच्या फोटोतली ठिकाणाची नोंद बंद करूनच फोटो पुढे पाठवते.

डेंड्रोबियमवरून आठवलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटात निष्पर्ण काड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतात, ती बहुधा डेंड्रोबियम बार्बाटुलम. पण डेंड्रोबियम ओव्हाटम तिच्या इतकी जवळची आहे की जाणकारही भिंग काढतात. ओव्हाटमची फुलं लहान, दुधाळ पिवळसर, घशात हिरवट. बार्बाटुलमची मोठी, शुभ्र, ओठाच्या तळाशी पिवळट केसांचा झुपका. खालून, वीस फुटांवरून, हे दिसत नाही. खाली गळलेली फुलं गोळा करून भिंगाखाली पाहायची; झाडावर चढायची गरज नाही आणि फांदीही शाबूत राहते.

सध्या माझ्या वहीत एक ओबेरोनिया आहे. एका ऐनाच्या खोडावर, छातीच्या उंचीवर, चपटी पानं एकात एक बसवल्यासारखी. या वंशातली फुलं दोन-एक मिलिमीटरची, एका तुऱ्यावर शेकड्यांनी, आणि जाती वेगळ्या होतात त्या बऱ्याचदा ओठाच्या कडेवरून. मागच्या वेळी गेले तेव्हा तुरा सुकून गेला होता. प्राध्यापकांना पानांचा फोटो पाठवला. त्यांनी कळवलं, वंश बरोबर आहे, जात यावरून ठरणार नाही, ताज्या फुलाचा ओठ दहापट मोठा करून दाखवा. या पावसाळ्यात ऑगस्टपासून दर आठवड्याला तिथे जायचं ठरवलं आहे, आणि काकांनाही तुऱ्यावर नजर ठेवायला सांगितलं आहे.